'आब्लो की आ'ब्लो: एका नियमित स्पॅनिश क्रियापदाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी प्रौढांना स्पॅनिश शिकवते. ही हकीकत माझ्या एका विद्यार्थिनीची आहे. त्यांची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही. वर्गात मी त्यांना ताई म्हणायचे, इथेही तेच म्हणते. वय चाळिशीचं, मातृभाषा मराठी, हिशेबाच्या कामात मुरलेल्या. कामाचा काही भाग कोलंबियातल्या सहकाऱ्यांबरोबर चालायचा. तिथली आठवड्याची बैठक स्पॅनिशमध्ये होऊ लागली होती आणि तीन महिन्यांनी ती त्यांनी एकटीने सांभाळायची असं ठरलं होतं.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी आठ महिने घरीच अभ्यास केला होता. पहिल्या दिवशी त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. आब्लार, म्हणजे बोलणे, या एका क्रियापदाचे तक्ते पानापानावर आखलेले होते. अक्षर सुरेख, काळ वेगवेगळ्या रंगांत, चूक एकही नाही.

ज्यांनी स्पॅनिश शिकलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या भाषेत क्रियापदाचं मूळ रूप आर, एर किंवा इर यांपैकी एकाने संपतं: आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (राहणे, जगणे). शेवट काढला की धातू उरतो आणि नियमित क्रियापदात तो कुठेच बदलत नाही, बदलतात ते फक्त प्रत्यय. सरळ विधानाचे, म्हणजे आपल्या व्याकरणातल्या स्वार्थाचे, पाच साधे काळ आणि सब्जंक्टिव्हचे, म्हणजे इच्छा, शंका किंवा अजून न घडलेली गोष्ट सांगणाऱ्या रूपांचे, रोजच्या वापरातले दोन. प्रत्येकाची सहा रूपं धरली तर 42 चौकटी होतात. शिवाय आज्ञार्थ, आणि आबेर या सहायक क्रियापदाने बनणारे संयुक्त काळ वेगळेच. ताईंना हे सगळं पाठ होतं.

अडचण

“मॅडम, लिहायला सांगा, सगळं लिहीन. बोलायला लागले की मात्र वही मिटते.”

असं सांगणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. “सरावाने येईल” असं म्हणून मी त्यांची बोळवणही करून टाकली असती. पण त्यांनी बैठकीतला एक प्रसंग सांगितला आणि मी थांबले. सहकाऱ्याने ग्राहकाबद्दल विचारलं होतं. ताईंचे वरिष्ठ ग्राहकाशी आधीच बोलले होते, आणि ताईंना तेवढंच सांगायचं होतं: “आ'ब्लो कोन एल क्लिएन्ते”, ते ग्राहकाशी बोलले. तोंडून निघालं “'आब्लो कोन एल क्लिएन्ते”, म्हणजे मी ग्राहकाशी बोलते. (या लेखात अक्षराआधी ' ही खूण असेल तिथे जोर त्या अक्षरावर.) समोरच्याने अर्थ घेतला की आता ताई बोलणार, आणि तो वाट पाहत बसला. पुढच्या बैठकीपर्यंत दोन्हीकडे शांतता.

हा निव्वळ उच्चाराचा दोष नव्हता. स्पॅनिशमध्ये “मी”, “तो” ही सर्वनामं सहसा गाळतात, त्यामुळे कोण बोललं आणि केव्हा बोललं हे दोन्ही सांगायचं काम क्रियापदाच्या शेवटावरच पडतं. या जोडीत तर प्रत्ययाचं अक्षरही एकच आहे, फरक केवळ जोराचा. लिहिताना ओ वर एक छोटी तिरपी रेघ येते. ताईंच्या वहीत ती रेघ प्रत्येक ठिकाणी बरोबर होती, पण त्यांच्या लेखी ती शुद्धलेखनापुरती होती. मराठीत जोर बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही, तेव्हा तो फरक टिपायची सवय आपल्या कानाला नसतेच.

मी त्यांच्याकडून वीसेक वाक्यं बोलून घेतली आणि ध्वनिमुद्रण दोनदा ऐकलं. त्यातून आणखी दोन गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट नावांच्या घोळाची. त्या दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकल्या होत्या. एकात आ'ब्ले (मी बोलले) च्या काळाला “प्रेतेरितो इन्देफिनिदो” नाव होतं, दुसऱ्यात नुसतं “प्रेतेरितो”. आब्लाबा (मी बोलायचे) च्या काळाला एकात “इम्पेर्फेक्तो”, दुसऱ्यात “कोप्रेतेरितो”. आब्लारीआला (मी बोलले असते) एकात “कोन्दिसिओनाल”, दुसऱ्यात “पोस्प्रेतेरितो”. दुसऱ्या पुस्तकातली नावं आन्द्रेस बेयो यांनी 1847 मध्ये रुजवलेल्या परंपरेतली आहेत. बेयो जन्माने व्हेनेझुएलाचे, पण त्यांनी काम केलं चिलीमध्ये. लॅटिन अमेरिकेच्या काही भागांत त्यांची नावं आजही शाळेत चालतात. ताईंचा समज झाला होता की हे सगळे वेगवेगळे काळ आहेत. त्यांनी तीन काळ दोनदा पाठ केले होते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. बोलताना त्या आधी वाक्य मराठीत जुळवायच्या, मग त्या क्रियापदाच्या काळाचं नाव शोधायच्या, मग तक्त्यात जाऊन चौकट गाठायच्या. एवढा प्रवास होईपर्यंत समोरचा पुढे गेलेला असायचा. त्यातून घाईत हाती लागलेली चौकटही पुष्कळदा चुकीची निघायची, कारण मराठीचा काळ आणि स्पॅनिशचा काळ जिथे जुळत नाहीत तिथे त्या जुळतात असं धरून चालत होत्या.

कोणते मार्ग होते

सर्वांत सोपा मार्ग होता आहे तेच जोरात चालवण्याचा: रोज तक्ते म्हणायचे, वेग वाढवायचा. ताईंनाही तो पसंत होता, कारण त्यात प्रगती दिसते. मी तो नाकारला. ज्यांना तक्ता येतोच त्यांना तो आणखी घोटायला लावून काय मिळणार?

दुसरा मार्ग तक्ते बंद करून फक्त तयार वाक्यांवर काम करण्याचा. नवशिक्यांबरोबर मी तसंच करते. पण हिशेबात रुळलेल्या माणसाला नियम दिसला नाही तर चैन पडत नाही, आणि आठ महिन्यांची मेहनत वाया गेली असं त्यांना वाटलं असतं.

तिसरा मार्ग काटछाटीचा: वर्तमान, दोन भूतकाळ आणि आज्ञार्थ एवढंच ठेवायचं, सब्जंक्टिव्हला हातच लावायचा नाही. याचा मला बराच मोह झाला. पण कामाच्या बैठकीत “तुम्ही हे तपासावं अशी माझी इच्छा आहे” हे दर पाच मिनिटांनी लागतं, आणि ते सब्जंक्टिव्हशिवाय होत नाही.

शेवटी ठरलं ते असं: तक्ता ठेवायचा, पण पाठ म्हणायचा नाही, दर वेळी मुळापासून बांधायचा. आणि प्रत्येक काळाशेजारी त्याचं स्पॅनिश नाव लिहिण्याऐवजी मराठीतलं क्रियापदाचं रूप लिहायचं. या दुसऱ्या निर्णयाबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तिथे मी अर्धी बरोबर होते आणि अर्धी चुकले.

काय केलं

पहिली कात्री “बोसोत्रोस”ला लागली. “तुम्ही लोक” यासाठी स्पेनमध्ये बोसोत्रोस आणि त्याचं वेगळं रूप आब्लाइस वापरतात. अमेरिका खंडात त्या जागी उस्तेदेस येतं, आणि त्याचं क्रियापद “ते” सारखंच: आब्लान. सहकारी कोलंबियाचे, म्हणून ती ओळ मी काढून टाकली. 42 च्या 35 चौकटी झाल्या. एका व्यक्तीला आदराने म्हणायचं उस्तेदही तृतीय पुरुषी रूप घेतं. हा शब्द “बुएस्त्रा मेर्सेद”, म्हणजे “आपली कृपा”, याचं झिजलेलं रूप आहे, त्यामुळे क्रियापद “कृपा” या शब्दाला अनुसरून चालतं. हे कळल्यावर ताईंनी “उस्तेदला आब्ला का?” हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

मग बांधकाम. पहिल्या आठवड्यात आम्ही वही मिटून पाच उगमस्थानं ठरवली.

अख्खं मूळ रूप, काही न काढता, भविष्य आणि संकेतार्थासाठी. आब्लार ला ए, आस, आ, एमोस, आन लावलं की भविष्य. इथे ताई थांबल्या. “पण हा तर आबेरचा वर्तमानकाळ आहे!” आहेच. ऐतिहासिकदृष्ट्या भविष्यकाळ बनला तो असाच: मूळ रूपाच्या मागे आबेर येऊन चिकटला. संकेतार्थात त्याच आबेरच्या भूतकाळाचं शेपूट, ईआ, चिकटतं: आब्लारीआ. तिन्ही गटांना प्रत्यय एकच, म्हणून कोमेरे, बिबिरे, कोमेरीआ, बिबिरीआ. दोन काळांच्या दहा चौकटी पाच मिनिटांत झाल्या आणि पाठ काहीच करावं लागलं नाही.

धातू, वर्तमान आणि दोन भूतकाळांसाठी. हे खरोखर लक्षात ठेवावं लागतं, त्यात पळवाट नाही. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लान. आ'ब्ले, आब्लास्ते, आ'ब्लो, आब्लामोस, आब्लारोन. आब्लाबा, आब्लाबास, पुन्हा आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबान. एर आणि इर गटांच्या भूतकाळांचे प्रत्यय आपसात सारखे (कोमी, बिबी, कोमीआ, बिबीआ), म्हणून तीन गटांऐवजी दोनच संच शिकायचे.

उलटा स्वर, सब्जंक्टिव्हच्या वर्तमानासाठी. आर गटात आ चा ए होतो (आब्ले), बाकी दोन गटांत ए चा आ (कोमा, बिबा). जगभरच्या मैदानांवर आणि मोर्चांत ऐकू येणारं “बिबा!” हे बिबिरचंच सब्जंक्टिव्ह आहे, आपलं “चिरायू होवो”. लिहितात व्ह ने, उच्चार ब चा.

“ते बोलले” हे रूप, सब्जंक्टिव्हच्या भूतकाळासाठी. आब्लारोन मधलं रोन काढून रा लावा: आब्लारा. कोमिएरोन वरून कोमिएरा. याला अपवाद नाही, अनियमित क्रियापदंसुद्धा हा नियम पाळतात.

भूतकालवाचक आब्लादो, संयुक्त काळांसाठी. आबेरपुढे ते बदलत नाही, ना लिंगाने ना वचनाने. “मी बोललो” आणि “मी बोलले” असा भेद करायची सवय असलेल्या आपल्याला ही मोठी सुट्टी आहे.

दुसरा आठवडा फक्त कानाचा. आब्लारमध्ये केवळ जोराने फिरणाऱ्या तीन जोड्या मी वेगळ्या काढल्या: 'आब्लो (मी बोलते) आणि आ'ब्लो (तो बोलला), 'आब्ले (त्याने बोलावं) आणि आ'ब्ले (मी बोलले), आ'ब्लारा (तो बोलला असता तर) आणि आब्ला'रा (तो बोलेल). मी एक शब्द म्हणायचा, ताईंनी मराठीत फक्त “मी” किंवा “तो”, “झालं” किंवा “व्हायचंय” एवढंच सांगायचं. पहिले दोन दिवस त्या अंदाजाने सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून जोराच्या अक्षरावर टेबलाला बोट टेकायला सुरुवात केली. मग मीही टेकू लागले.

मराठीचा आधार: कुठे तारला, कुठे बुडवलं

प्रत्येक स्पॅनिश काळाशेजारी मराठी रूप लिहायचं ठरलं होतं. दोन भूतकाळांत ते छान बसलं. “मी बोलले” म्हणजे आ'ब्ले. “मी बोलायचे”, “मी बोलत असे”, “मी बोलत होते” म्हणजे आब्लाबा. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे महिनोन्महिने अडखळतात, कारण त्यांच्या साध्या भूतकाळात दोन्ही सामावतं. आपल्याकडे रीतिभूतकाळ वेगळा आहे, तेव्हा हे अर्धं काम आईनेच करून ठेवलंय असं मी ताईंना म्हणाले.

पण “मी तिथे दहा वर्षं राहत होते” हे वाक्य आलं आणि ताईंनी बिबीआ म्हटलं. मुदत मोजून सांगितली, काळ पुरा झाला, की स्पॅनिशला तिथे बिबी हवं. मराठी “राहत होते” त्यांना थेट चुकीच्या दारात घेऊन गेलं.

“बोलले होते” हा दुसरा खड्डा. आपण “मी काल त्यांच्याशी बोलले होते” असं सहज म्हणतो, त्यानंतर काही घडलेलं असो वा नसो. स्पॅनिशमध्ये आबीआ आब्लादो हे दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेच्या आधीचंच असावं लागतं. ताईंच्या सहकाऱ्याने एकदा “आबीआ आब्लादो” ऐकून विचारलं, “मग पुढे काय झालं?” पुढे काहीच झालं नव्हतं. काल बोलल्या, इतकंच. आ'ब्ले पुरे होतं.

संकेतार्थात तर मराठीची सममिती आडवी आली. “तो जरा सावकाश बोलला असता तर मला सगळं कळलं असतं.” दोन्हीकडे एकच घडण. म्हणून ताई “सी आब्लारीआ…” अशी सुरुवात करायच्या. “जर” या अर्थाच्या सी नंतर तिथे आब्लारीआ चालत नाही. सी बरोबर आब्लारा, आणि परिणामाच्या बाजूला कोम्प्रेन्देरीआ. शिवाय मराठी वाक्य आत्ताबद्दल आहे की झालेल्या गोष्टीबद्दल हे नुसत्या रूपावरून कळत नाही, आणि स्पॅनिशमध्ये ते ठरवावंच लागतं. आत्ताचं असेल तर “सी आब्लारा मास देस्पास्यो, कोम्प्रेन्देरीआ तोदो”. झालेलं असेल तर “सी उबिएरा आब्लादो मास देस्पास्यो, आब्रीआ कोम्प्रेन्दिदो तोदो”. यावर आम्ही दोन आठवडे घालवले. ते घालवायलाच हवे होते असं मला अजूनही वाटतं.

सगळ्यात मोठी चूक सब्जंक्टिव्हमध्ये झाली आणि ती माझी. मी सांगितलं: मराठीत “-ावं” येतं तिथे सब्जंक्टिव्ह. “त्याने बोलावं अशी माझी इच्छा आहे”, किएरो के आब्ले. ऐकणारा लगेच मान डोलावतो, कारण आपल्या विध्यर्थाचं आणि या रूपाचं नातं खरंच जवळचं आहे. दोन आठवड्यांत ताईंची इच्छा, विनंती, सल्ला ही सगळी वाक्यं चालू लागली. मी खूश होते.

मग बैठकीत त्यांना एका वरिष्ठाला हळूच सुचवायचं होतं, “आपण आता त्यांच्याशी बोलावं”. मुख्य वाक्यात “-ावं” आलं, म्हणून त्यांनी आब्ले वापरलं. सुटं आब्ले हे उस्तेदचं आज्ञार्थी रूप आहे. ऐकणाऱ्याला ऐकू आलं: “आता बोला त्यांच्याशी!” तिथे “देबेरीआ आब्लार” हवं होतं. त्या गृहस्थांनी काही मनावर घेतलं नाही, पण ताई दोन दिवस अस्वस्थ होत्या आणि कारण माझा नियम होता.

उलट बाजूला जिथे मराठीत “-ावं” नाही तिथे त्या सब्जंक्टिव्ह विसरत होत्या. “तो बोलेल असं मला वाटत नाही” यात आपल्याकडे साधा भविष्यकाळ आहे, स्पॅनिशमध्ये नो क्रेओ के आब्ले. “तू बोलतोस याचा आनंद आहे” यात साधा वर्तमान, तिकडे पुन्हा सब्जंक्टिव्ह. आणि “मी त्याच्याशी बोलेन तेव्हा” यात भविष्य. स्पॅनिशमध्ये पुढे व्हायच्या गोष्टीबद्दल क्वान्दो आलं की आब्ले, आब्लारे नाही. शंका, भावना आणि न आलेली वेळ, ही तीन दारं माझ्या नियमात नव्हतीच.

तेव्हा मी नियम बदलला. मराठी रूप पाहायचं नाही, वाक्याचं पहिलं अर्ध पाहायचं. बोलणारा ही गोष्ट घडते किंवा घडली असं ठामपणे सांगतोय का? सांगत असेल तर स्वार्थ. तो ती हवी म्हणतोय, नाकारतोय, तिच्यावर शंका घेतोय, तिच्याबद्दल काही वाटून घेतोय, किंवा अजून न आलेल्या वेळेला टांगून ठेवतोय, तर सब्जंक्टिव्ह. “-ावं” एका कोपऱ्यात उदाहरण म्हणून राहिलं.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी बैठक त्यांच्याकडे गेली आणि ती चालते आहे. 'आब्लो आणि आ'ब्लो त्या आता चुकवत नाहीत, इतर आर क्रियापदांतही नाही. दोन भूतकाळ बहुतेक वेळा बरोबर येतात. मुदतीचं वाक्य असलं की क्षणभर थांबतात, पण थांबून योग्य ते घेतात. सी नंतरचं आब्लारीआ कमी झालं आहे. घाईत क्वान्दोनंतर मात्र अजून भविष्यकाळ येतो. आ'ब्लारा आणि आब्ला'रा वेगात ऐकताना गल्लत होते. ही गल्लत त्यांची त्यांनाच कळते, हे मात्र नवीन आहे.

न शिकवता एक गोष्ट जमली. कोणाचा आवाज बैठकीत येत नव्हता तेव्हा ताई म्हणाल्या, “एस्तारा आब्लान्दो कोन आल्गिएन”, कोणाशी तरी बोलत असेल. भविष्यकाळ अंदाजासाठी वापरायची ही स्पॅनिश रीत मी अजून काढलीच नव्हती. मराठी “असेल”ने ती त्यांना आपोआप दिली.

पुन्हा करायचं तर

ध्वनिमुद्रण मी पहिल्याच भेटीत करीन. वही पाहण्यात माझी पहिली दोन सत्रं गेली, आणि वही सगळं बरोबर सांगत होती.

“-ावं”चा दाखला देईन, पण पहिल्या दिवशीच त्याच्या शेजारी “तो बोलेल असं वाटत नाही” आणि “बोलेन तेव्हा” ही दोन वाक्यं ठेवीन, म्हणजे हा आधार कुठे संपतो ते दिसेल. आज्ञार्थ आणि सब्जंक्टिव्ह एकाच आठवड्यात घेईन, कारण उस्तेदचं आज्ञार्थी रूप सब्जंक्टिव्हमधूनच येतं. मी ते वेगवेगळे शिकवले आणि धडक बैठकीत झाली.

काळांच्या नावांचा एक छोटा तक्ता सुरुवातीलाच देईन: एकाच काळाची दोन-तीन नावं एका ओळीत. ते मी सहाव्या आठवड्यात दिलं.

आणि बोसोत्रोसची ओळ काढताना ती फक्त बोलण्यातून काढीन, ऐकण्यातून नाही. चौथ्या महिन्यात बैठकीत स्पेनमधला एक सहकारी आला. त्याने विचारलं, “आब्लास्तेइस कोन एल क्लिएन्ते?”, तुम्ही लोक ग्राहकाशी बोललात का? ताईंना तो शब्द अनोळखी होता. त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितलं, त्याने पुन्हा तेच म्हटलं, आणि शेवटी दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलं. ती ओळ आता आम्ही वहीत परत घातली आहे.